गाडी मिस मारतेय? पार्ट बदलण्याआधी दोष जागचा हलवून पाहा

खंडेनवमीला मी गाडी धुतली, आणि हौसेने बॉनेट उघडून इंजिनावरही प्रेशरचं पाणी मारलं. दसऱ्याला पूजा झाली, झेंडूची माळ चढली, नारळ फुटला. सोनं द्यायला नागपूरच्या महाल भागातल्या मावशीकडे निघालो तर प्रतापनगरच्या चौकातच गाडी थरथरायला लागली. सिग्नलवर स्टिअरिंग हातात नाचत होतं आणि हिरवा दिवा लागल्यावर ॲक्सिलेटर दाबला की उचकी लागल्यासारखे झटके. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. यालाच गाडी मिस मारणं म्हणतात: एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही.

एका गॅरेजमध्ये दोन मिनिटं आवाज ऐकून निदान झालं, दोष पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा. “ताई, इंजेक्टर गेले असतीन. चारही साफ करून घेऊ.” केले. पैसे दिले. तोवर पाणी वाळलेलं होतं, त्यामुळे तीन दिवस गाडी बरी चालली. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी घरच्या पोर्चमध्ये, गोटी सेट (सॉकेट पाने) आणि टॉर्च घेऊन मी स्वतःच बसले तेव्हा दोष सापडला: दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ. प्लग आणि त्याला वीज देणाऱ्या कॉइलचा रबरी बूट बदलला, काम संपलं. इंजेक्टरचा काडीचा संबंध नव्हता.

चार सिलिंडरच्या बहुतेक नव्या इंजिनांत चार सारख्या कॉइल, चार सारखे प्लग आणि चार सारखे इंजेक्टर असतात. म्हणजे चाचणीपुरता चांगला पार्ट तुमच्याच बॉनेटखाली आहे. संशय आहे तो पार्ट शेजारच्या सिलिंडरवर लावायचा आणि दोष त्याच्यासोबत तिकडे जातो का ते पाहायचं. गेला तर चोर सापडला, नाही गेला तर तो पार्ट निर्दोष. खालची सगळी पद्धत याच एका युक्तीभोवती आहे. हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी. डिझेलमध्ये स्पार्कच नसतो, तिथली तपासणी वेगळी.

हे मिसिंगच आहे ना?

तीन सिलिंडरची गाडी असेल तर आयडलला थोडी थरथर तिच्या जातीचाच भाग आहे. इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे माउंटिंगचं रबर, बसलं असेल तरी केबिनमध्ये कंप येतो. फरक तालात असतो. माउंटिंगचा कंप सलग आणि एकसारखा, तर मिसिंगमध्ये ठेका चुकतो. टक-टक-टक-आणि-एक-गायब.

कानावर भरवसा नसेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी दहाची नोट दोन बोटांत धरा. हात तोंडापासून वीतभर लांब ठेवा, सायलेन्सर भाजतो. निरोगी इंजिनात नोट एकसारखी बाहेर फडफडते. मिसिंग असेल तर मध्येच तिचा जोर पडतो. मधूनमधून ती आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचा संशय घ्या आणि कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची, तपासणी लवकर करा.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय

स्थिर पिवळा दिवा म्हणजे दोष नोंदला गेलाय, सवडीने बघा. तोच दिवा लुकलुकत असेल तर त्या क्षणी जळलंच नाही असं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. आतली जाळी वितळली की कन्व्हर्टर बदलावा लागतो, आणि त्याच्या किमतीत कॉइलचे कितीतरी सेट येतात. लुकलुकता दिवा दिसला की ॲक्सिलेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, आणि जमलं तर टो करूनच न्या. “घर आलंच आहे” म्हणत वर्धा रोडवरून दहा किलोमीटर ओढत नेणाऱ्यांचा खर्च त्या दहा किलोमीटरमध्येच वाढतो.

कोड वाचा, पण कोडशी लग्न लावू नका

एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत दोषांचे कोड नोंदवणारी ओबीडी-दोनची व्यवस्था सक्तीची आहे. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर हात घातला की सोळा पिनांचं सॉकेट लागतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतो आणि मोबाइलवरच्या फुकट ॲपशी जोडला जातो. मिसफायरचे कोड वाचायला सोपे आहेत. पी०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दोन, तसंच पुढे. पी०३०० आला तर दोष एका सिलिंडरला चिकटलेला नाही, कधी हा तर कधी तो. बहुतेक गाड्यांत बेल्ट-पुलीच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर असतो, तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघूनच खात्री करा.

गाडीच्या कॉम्प्युटरला सिलिंडरच्या आतलं दिसत नाही. क्रँकशाफ्टवरच्या सेन्सरवरून तो वेग मोजत असतो. प्रत्येक स्फोटाला क्रँकला धक्का मिळायला हवा, ज्या सिलिंडरच्या पाळीला तो मिळत नाही त्याच्या नावावर कोड चढतो. म्हणून कोड फक्त “दोन नंबर काम करत नाही” एवढंच सांगतो. का करत नाही, हे शोधायचं काम आपलं.

सेन्सरचा आकडा तपासून घ्यावा हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता, आजूबाजूची केंद्रं ४४ च्या आसपास होती. गाडीतही तेच करायचं: एका आकड्याला शेजारच्या आकड्यांशी ताडून बघायचं. ॲपमध्ये सिलिंडरनिहाय मिसफायरची मोजणी दिसत असेल तर ती उघडा. तीन सिलिंडर शून्य आणि एक दोनशे, असं चित्र असेल तर जागा पक्की.

कोड पुसण्याआधी त्याचा आणि ‘फ्रीझ फ्रेम’चा फोटो काढा. दोष नोंदला तेव्हा इंजिन थंड होतं की गरम, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती, लोड किती, हे त्यात असतं. गॅरेजवाल्याने कोड आधीच पुसला तर हा अर्धा पुरावा गेला समजा.

प्लग: इथे घाई करायची नाही

इंजिन पूर्ण थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात. मे महिन्यात “थंड” म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी, संध्याकाळी ऑफिसातून आणून तासभर उभी केलेली नव्हे. मी हे काम सकाळी सहाला करते.

कॉइलचं कनेक्टर काढताना क्लिप आधी दाबायची, मग ओढायचं. आपल्या उन्हात शिजून हे प्लास्टिक खारी बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. प्रत्येक कॉइलवर मार्करने १, २, ३, ४ लिहा. बोल्ट काढून कॉइल किंचित फिरवत वर घ्या. प्लग बसतो त्या खोल भोकात, म्हणजे विहिरीत, आता टॉर्च मारा. धूळ दिसेल, ती प्लग काढण्याआधीच सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर सगळी सिलिंडरमध्ये. पाणी दिसलं तर माझ्यासारखं इंजिन धुणं भोवलंय. कापड-पंपाने वाळवा, कॉइल उन्हात ठेवा आणि आधी तेवढ्यावर गाडी चालवून बघा. ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा विहिरीचं सील गेलंय. ते बदलल्याशिवाय नवी कॉइल घालू नका, तीही भिजून मरेल.

प्लग सोळा किंवा चौदा मिलिमीटरच्या गोटीने निघतात. काढल्यावर ते त्याच क्रमाने जुन्या अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवा आणि एकमेकांशेजारी बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. काळं आणि तेलकट असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर हवा जास्त किंवा इंजिन तापतंय. एकच प्लग पेट्रोलने ओला आणि बाकीचे कोरडे, तर पेट्रोल येतंय पण ठिणगी पडत नाही, म्हणजे इंजेक्टर निदान उघडतोय हे तिथेच सिद्ध झालं.

आता चिनी मातीचा पांढरा भाग फिरवून बघा. उभी बारीक काळी रेघ, बोटाने न पुसली जाणारी, म्हणजे वीज टोकापर्यंत न जाता बाहेरून बॉडीवर उतरत होती. त्याची जुळी रेघ बुटाच्या आतल्या रबरात असते, टॉर्च मारून शोधा. दोन्ही एकत्र बदलावे लागतात, एकच बदलला तर उरलेली रेघ नव्याला खराब करते. मात्र लोखंडी भागाच्या लगत गोल, पिवळट-तपकिरी डाग दिसला तर घाबरू नका, तो साधा असतो. माझ्या शेजारच्या काकांनी त्या डागापायी चार चांगले प्लग फेकून दिले होते.

प्लगच्या टोकाशी असलेली फट, म्हणजे गॅप, फीलर गेजने (मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. पुष्कळ गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. इरिडियम प्लगचं बारीक टोक वाकवायला जाऊ नका, तुटतं. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर झाले असतील तर ते बदलायचेच आहेत, पण आज नको. आधी जुन्या प्लगवरच चाचणी करा, नाहीतर दोष नेमका कशात होता ते कळणारच नाही.

अदलाबदल: एका फेरीत तीन उत्तरं

समजा कोड पी०३०२ आहे. दोन नंबरची कॉइल तीनवर लावा आणि तीनची दोनवर. त्याच वेळी दोन नंबरचा प्लग चारवर आणि चारचा दोनवर. इंजेक्टर जागेवरच. हे कागदावर लिहून ठेवा, अर्ध्या तासाने डोक्यात गोंधळ होतो. सगळे कनेक्टर टक्क आवाज येईपर्यंत बसवा, कोड पुसा आणि दोष दिसायचा तशाच परिस्थितीत गाडी चालवा.

आता कोड पी०३०३ आला तर कॉइल खराब, कारण तीनवर तीच गेली. पी०३०४ आला तर प्लग. पी०३०२ च राहिला तर कॉइल आणि प्लग दोघंही सुटले, आता इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. कोडच आला नाही तर बहुधा एखादं कनेक्टर सैल होतं किंवा ओल होती, दोन-चार दिवस लक्ष ठेवा. बुटातली रेघ आणि प्लगवरची रेघ अशी जोडी असेल तर मात्र तीनवरही मिसिंग येऊ शकतं आणि चारवरही. माझ्या गाडीत तसंच झालं, आणि म्हणूनच डोळ्याने बघणं आधी.

इंजिन चालू असताना कॉइल उपसून बघायची जुनी सवय सोडा. तिथे वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि जळलं नाही ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. चालू इंजिनावर सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर त्याच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढा. ज्याचं काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच आळशी सिलिंडर.

जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या गाड्यांत कॉइल एकच असते, तिथे प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या जाड एचटी वायरी बघायच्या. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. वायर फुटली असेल तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. हात लावू नका.

प्लग परत बसवताना आधी नुसत्या एक्स्टेंशनने, हाताने फिरवा. आटे सरळ बसले की तो सहज आत जातो, अडला तर काढून पुन्हा लावा. हाताने घट्ट झाल्यावर टॉर्क रेंच नसेल तर वॉशरवाला नवा प्लग साधारण अर्धा फेरा आवळायचा आणि जुना एक बारांश फेरा, म्हणजे घड्याळाच्या काट्याचा एक तास.

सीएनजी असेल तर निम्मं निदान बटणात

गाडी मिस मारत असताना बटण दाबून पेट्रोलवर आणा. दोष पेट्रोलवर जात असेल तर सीएनजीचा फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, सीएनजीचे इंजेक्टर किंवा ट्यूनिंग तपासा. दोन्हींवर राहत असेल तर ठिणगी किंवा कॉम्प्रेशन. मधलाही एक प्रकार आहे. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे म्हाताऱ्या प्लगचं दुखणं आधी सीएनजीवर दिसतं आणि पेट्रोलवर महिनाभर लपून राहतं. वर्षानुवर्षं सीएनजीवर पळालेल्या गाडीत व्हॉल्व्हचं क्लिअरन्स कमी होत जातं, ते तपासायला सांगा.

ठिणगी ठीक निघाली तर: उंदीर, हवा, पेट्रोल

या क्रमाने, कारण उंदीर फुकटात सापडतो. इंजेक्टरच्या वायरी आणि कनेक्टर नीट बघा. गाडी चार दिवस हलली नाही की बॉनेटखाली बिऱ्हाड होतं, आमच्याकडे उंदरासोबत खारीही असतात. बाहेरून साबूत दिसणारी वायर टेपच्या आत कुरतडलेली असू शकते, हलवून बघा. मग लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी. फिरणाऱ्या बेल्टपासून ओढणी, केस, बाही दूर ठेवा. चारही इंजेक्टरचा टिक-टिक आवाज सारखा हवा. जो गप्प आहे त्याचं कनेक्टर काढून, इंजिन बंद असताना, मल्टिमीटरने ओहम मोजा आणि शेजाऱ्याशी ताडा. नेहमीच्या प्रकारच्या इंजेक्टरला साधारण ११ ते १६ ओहम येतात. वायर आणि ओहम ठीक असूनही एकच इंजेक्टर मंद असेल तरच साफसफाईला पैसे घाला.

कोड पी०३०० आणि जोडीला पी०१७१ असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे. ॲपमध्ये ‘लाँग टर्म फ्यूल ट्रिम’ बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलला तो अधिक दहाच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय: तडकलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं पॅकिंग, सैल क्लिप. सू-सू आवाज ऐका, पाइप दाबून बघा. उलट, रेस दिल्यावर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही. पंप किंवा फिल्टर बघायला हवा, प्रेशर गेजशिवाय इथे अंदाज करू नका.

पेट्रोल भरल्याबरोबर मिसिंग सुरू झालं असेल तर टाकीतलं थोडं काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. आमचे खासदार नितीन गडकरी यांच्यामुळे इथेनॉल हा शब्द नागपूरकरांना पाठ आहे, पण एक गोष्ट कमी जणांना माहीत असते: पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून खाली बसतात. बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्याशिवाय इलाज नाही. पावती सांभाळा.

कॉम्प्रेशन, म्हणजे वाईट बातमीची शक्यता

हे गॅरेजमध्ये करून घेतलं तरी चालेल, पण समोर उभं राहून. चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि कॉइलचे कनेक्शन बंद, ॲक्सिलेटर तळाला दाबलेला, बॅटरी पूर्ण चार्ज. प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखेच फेरे द्यायचे. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय येतात, पण आकड्यापेक्षा आपसातला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील आणि कूलंटही घटत असेल तर त्या दोघांच्या मधलं हेड गॅस्केट. चारही कमी असतील तर टायमिंग चेन किंवा बेल्टचा दात सुटलाय का ते आधी बघायला सांगा, हेड उघडायची घाई करू देऊ नका.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तशा पाण्यात गाडी बुडाली असेल तर या लेखातलं काहीही करण्याआधी एकच लक्षात ठेवा: सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

झालं का, हे कसं कळणार

कोड पुसून गल्लीत एक चक्कर मारल्याने काही सिद्ध होत नाही. कमजोर ठिणगी लोडखाली उघडी पडते, आणि नागपुरात घाट कुठला? म्हणून मी उड्डाणपूल वापरते. इंजिन गरम करून, एसी लावून, अजनीच्या बाजूने वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढायचं. चौथ्या गिअरमध्ये चाळीसचा वेग, आणि चढावर ॲक्सिलेटर हळूहळू खाली. मिसिंग उरलं असेल तर तिथे उचकी येतेच. पहाटे जा, मागे ट्रक असताना हा प्रयोग करू नका. शेजारी बसलेल्याला मोबाइलवर मिसफायरची मोजणी बघायला सांगा.

एकदा थंड इंजिनावर, एकदा गरम इंजिनावर आणि एकदा पावसाळी सकाळी, अशा तीन चाचण्यांत मोजणी शून्य राहिली की मग नवे प्लग घाला. समृद्धी महामार्गावर लांब निघणार असाल तर नागपूरच्या टोकाला शिवमडक्याला वर चढण्याच्या आदल्या दिवशी ‘पेंडिंग कोड’ बघा. दिवा लागण्याआधी पहिली नोंद तिथे होते, आणि दोनशे किलोमीटर पुढे एखाद्या इंटरचेंजवर टो-गाडीची वाट बघण्यापेक्षा घरच्या पोर्चमध्ये कॉइल बदलणं पुष्कळ सोपं. जुनी पण चालू असलेली एक कॉइल मी आता डिकीत ठेवते, दहाच्या गोटीसकट. दसऱ्याला इंजिन ओल्या फडक्याने पुसते.